गाडीत आणखी स्पीकर जोडताना: डेकला पेलेल तेवढाच भार

बेस मॉडेलची गाडी घेतली की पुढच्या दोन दारांत दोन स्पीकर मिळतात, कधी तेही मिळत नाहीत, आणि मागच्या दारांच्या ट्रिमवर, म्हणजे दाराच्या आतल्या प्लास्टिकच्या आवरणावर, जाळीचा आकार तेवढा उमटवलेला असतो. ती जाळी पाहून आत काहीतरी असावे असे वाटते. प्रत्यक्षात तिच्यामागे पोकळ पत्रा आणि नशीब चांगले असेल तर कंपनीने आधीच ओढून ठेवलेल्या दोन तारा असतात. ही रिकामी जागा आपणच भरावी, असे मडगावपासून म्हापशापर्यंत गाडी असणाऱ्या अनेकांना कधी ना कधी वाटते. काम अवघड नाही. मात्र ते करण्यापूर्वी एक गोष्ट नीट उमजली पाहिजे: स्पीकर हा आवाजाचा उगम नव्हे, तो शक्ती खाणारा भाग आहे. शक्ती डेक, म्हणजे डॅशबोर्डमध्ये बसवलेली म्युझिक सिस्टीम देते, आणि आपण जोडलेला प्रत्येक नवा स्पीकर त्या डेकवर नवा भार टाकतो.

हे मला चूक करून कळले. माझ्या पहिल्या गाडीत मी मागचे दोन स्पीकर पुढच्याच स्पीकरांच्या तारांना पीळ मारून जोडले होते. फोंड्याला घरासमोर उभ्या गाडीत सगळे उत्तम वाजले. आठवड्याभराने मोले ओलांडून अनमोड घाट चढताना, खिडक्या उघड्या आणि आवाज चढवलेला असताना, डेक अचानक मुका झाला. काही मिनिटांनी आपोआप बोलू लागला आणि पुढच्या चढावर पुन्हा गप्प झाला. डेकही चांगला होता आणि स्पीकरही. चूक ओहमच्या हिशेबाची होती, आणि तो हिशेब मी मांडलाच नव्हता.

तो हिशेब समजण्यासाठी घराच्या गच्चीवरील पाण्याची टाकी डोळ्यांसमोर आणावी. टाकीची उंची म्हणजे व्होल्टेज, नळातून पडणारे पाणी म्हणजे विद्युतप्रवाह, आणि नळ जितका अरुंद तितका त्याचा अडथळा अधिक. हा अडथळा ओहममध्ये मोजतात. गाडीतील बहुतेक स्पीकर ४ ओहमचे असतात. टाकीची उंची तीच ठेवून शेजारी तसाच दुसरा नळ उघडला, तर टाकीतून दुप्पट पाणी जाऊ लागते. एकाच तारेवर दोन स्पीकर शेजारी-शेजारी, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस असे जोडले की नेमके हेच घडते: ४ ओहमचे दोन स्पीकर मिळून डेकला २ ओहमचे दिसतात आणि तो दुप्पट प्रवाह देण्याच्या खटाटोपाला लागतो. टाकीला दुप्पट पाणी देण्याने काही बिघडत नाही. डेकमधील ॲम्प्लिफायरची, म्हणजे स्पीकरला शक्ती पुरवणाऱ्या भागाची, चिप मात्र तापते, कारण बहुतेक डेक ४ ते ८ ओहमच्या भारासाठीच बनवलेले असतात. आवाज कमी असताना हे लक्षात येत नाही. आवाज वाढवला, उन्हाने डॅशबोर्ड तापला, की चिपमधील संरक्षक यंत्रणा तिला बंद करते, आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू करते. घाटात मला ऐकू आलेले मौन हेच होते. संरक्षक यंत्रणा नसती तर चिप जळाली असती, म्हणून त्या मौनाचे मी आज आभार मानतो.

याउलट दोन स्पीकर माळेसारखे एकापुढे एक जोडले, म्हणजे पहिल्याचा मायनस दुसऱ्याच्या प्लसला दिला, तर दोघांचे मिळून ८ ओहम होतात. डेक निर्धास्त राहतो, पण आवाज पडतो. आकडेच पाहू. इंजिन चालू असताना गाडीत सुमारे १४ व्होल्ट असतात आणि डेकची चिप त्यातून स्पीकरला जास्तीत जास्त १० व्होल्टच्या आसपास प्रभावी (आरएमएस) व्होल्टेज देऊ शकते. व्होल्टेजचा वर्ग भागिले ओहम म्हणजे वॅट, या सूत्राने एकट्या ४ ओहमच्या स्पीकरला २५ वॅट मिळतात. माळेतील दोघांना मिळून साडेबारा वॅट मिळतात, म्हणजे एकेकाला सव्वासहा. शिवाय दोघांपैकी एकाची कॉइल, म्हणजे आतील तारेची गुंडाळी, तुटली तर दोघेही बंद पडतात. चार स्पीकरांच्या दोन माळा करून त्या शेजारी-शेजारी जोडल्या तर एकूण भार पुन्हा ४ ओहम होतो, हे खरे आहे, आणि काही जण ही युक्ती फार अभिमानाने सांगतात. तिथेही प्रत्येकाच्या वाट्याला तेच सव्वासहा वॅट येतात.

येथे कुणी विचारेल की डेकच्या खोक्यावर तर ठळक अक्षरांत ५० वॅट गुणिले ४ लिहिलेले असते, मग हे २५ वॅटचे गणित कुठून आले. डेकच्या पाठीमागे खोचलेला फ्यूज पाहावा. बहुतेक वेळा तो १० अँपिअरचा असतो. १४ व्होल्ट गुणिले १० अँपिअर म्हणजे १४० वॅट. आत इतकीच शक्ती सलग येऊ शकत असेल, तर बाहेर सलग २०० वॅट कसे पडतील? फ्यूज १५ अँपिअरचा असला तरीही, आत आलेल्या शक्तीचा बराच भाग उष्णतेत जात असल्याने हिशेब जुळत नाही. खोक्यावरचा आकडा क्षणभराच्या, फाटलेल्या आवाजाच्या टोकाचा असतो. सलग आणि स्वच्छ शक्तीचा आकडा आरएमएस या नावाने माहितीपत्रकात बारीक अक्षरांत दिलेला असतो आणि तो दर चॅनेलला, म्हणजे एका स्पीकरसाठीच्या प्रत्येक वेगळ्या जोडणीला, साधारण १५ ते २० वॅट इतकाच असतो. स्पीकरच्या जाळीवर छापलेले ३०० किंवा ३५० वॅट तर याहून निरुपयोगी, कारण स्पीकर शक्ती देत नाही. तो आकडा फार तर त्याने किती सोसावे एवढेच सांगतो.

म्हणून डेकवरच चालवायचा स्पीकर निवडताना वॅट विचारण्याऐवजी त्याची सेन्सिटिव्हिटी विचारावी. एक वॅट दिल्यावर एक मीटर अंतरावर किती डेसिबल आवाज मिळतो, हे ती सांगते. शक्ती दुप्पट केली की आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो. त्यामुळे ८८ डेसिबलच्या स्पीकरऐवजी ९१ डेसिबलचा घेतला, तर आपण न खर्चता डेकची शक्ती दुप्पट केल्यासारखे होते. दुकानदार हा आकडा सहसा सांगत नाही, कारण गिऱ्हाईक तो विचारत नाही.

आता प्रत्यक्ष जोडणीकडे येऊ. सर्वांत सोपा, आणि माझ्या मते पहिल्यांदा काम करणाऱ्याने पत्करावा असा एकमेव मार्ग म्हणजे डेकचे रिकामे चॅनेल वापरणे. बहुतेक डेकमध्ये चार चॅनेल असतात: पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा. गाडीत दोनच स्पीकर असतील तर मागचे दोन चॅनेल नुसते पडून असतात. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक डेकच्या तारांचे रंग ठरलेले असतात: पांढरी जोडी पुढच्या डाव्याची, राखाडी पुढच्या उजव्याची, हिरवी मागच्या डाव्याची आणि जांभळी मागच्या उजव्याची. प्रत्येक जोडीत साधी तार प्लस आणि काळी रेघ असलेली तार मायनस. पिवळी तार बॅटरीचा कायमचा प्लस, लाल तार चावी फिरवल्यावर येणारा प्लस आणि काळी तार बॉडी अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जोडायची तार. गाडीसोबत आलेल्या डेकच्या तारांना हे रंग लागू असतीलच असे नाही. तेथे त्या गाडीचा वायरिंगचा नकाशा पाहावा आणि तार कापण्याऐवजी त्या गाडीसाठी मिळणारा तयार कपलर, म्हणजे तारा जोडणारा खोचायचा तुकडा, लावावा. कापलेली तार दिसली की सर्व्हिस सेंटर वॉरंटीवर बोट ठेवते, आणि त्यात त्यांची चूक नसते.

एका चुकीबद्दल येथे थोडे थांबून सांगितले पाहिजे, कारण ती जुन्या पद्धतीने काम करणारे इलेक्ट्रिशियनही करतात. पूर्वीच्या काही कार रेडिओंत स्पीकरचा मायनस गाडीच्या पत्र्याला दिलेला चालत असे, त्यामुळे मागच्या स्पीकरसाठी एकच तार ओढून दुसरे टोक पत्र्याला स्क्रूने आवळण्याची सवय अनेकांना लागली. आजच्या डेकमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारा ॲम्प्लिफायरने चालवलेल्या असतात. एक वर ढकलते तेव्हा दुसरी खाली ओढते, आणि म्हणूनच १२ व्होल्टच्या गाडीतून इतकी शक्ती काढता येते. त्यातली मायनस तार पत्र्याला टेकली की ॲम्प्लिफायरचा अर्धा भाग सरळ शॉर्ट होतो. दोन स्पीकरांचा मायनस एकत्र बांधणेही तितकेच घातक आहे. प्रत्येक स्पीकरला डेकपासून स्वतःच्या दोन तारा, हा नियम मोडू नये. १ ते १.५ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार या कामाला पुरते. याहून जाड तारेवर केलेला खर्च कानाला ऐकू येत नाही.

दोनपैकी एकाच स्पीकरचे प्लस-मायनस उलटे झाले तर काहीच जळत नाही, पण आवाजाचे वाटोळे होते. एका स्पीकरचा कोन, म्हणजे पुढचा शंकूसारखा पडदा, बाहेर येत असताना दुसरा आत जातो, दोघांच्या हवेतील लहरी एकमेकींना मारतात आणि खालच्या पट्टीचा आवाज गायब होतो. भजनातील डग्ग्याचा घुमारा नाहीसा झाला आणि झांज मात्र टोचू लागली, तर स्पीकर हलका आहे असे ठरवण्यापूर्वी तारा तपासाव्यात. तपासण्याची रीत सोपी आहे. दीड व्होल्टचा साधा सेल स्पीकरच्या तारांना क्षणभर टेकवावा; सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला असेल तर कोन बाहेर उसळतो, उलट असेल तर आत जातो. ही परीक्षा तारा डेकपासून सुटलेल्या असतानाच करावी. मल्टिमीटर असेल तर स्पीकरचा अडथळाही मोजावा: ४ ओहमचा स्पीकर मीटरवर साधारण ३.२ ते ३.८ ओहम दाखवतो. चारपेक्षा कमी आकडा पाहून दुकानदाराशी भांडायला जाऊ नये. मीटर फक्त कॉइलच्या तारेचा अडथळा मोजतो.

भाराच्या या सगळ्या हिशेबाला ट्वीटर, म्हणजे उंच पट्टीचा आवाज देणारा छोटा स्पीकर, हा एक अपवाद आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. छोट्या ट्वीटरच्या तारेत एक कपॅसिटर बसवलेला असतो. हा कपॅसिटर उंच पट्टीचा आवाज सोडतो आणि खालच्या पट्टीचा अडवतो, ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ४ ओहमच्या ट्वीटरला लावला तर सुमारे ८,५०० हर्ट्झच्या वरचा आवाज जातो, १० मायक्रोफॅरडचा लावला तर ४,००० हर्ट्झच्या वरचा. त्या सीमेच्या खाली ट्वीटर डेकला जवळजवळ दिसतच नाही, आणि संगीताची बहुतेक शक्ती तर खालीच असते. म्हणून दारातील स्पीकरच्या तारांवरच कपॅसिटरसह ट्वीटर जोडला तरी डेकवर दुप्पट भार पडत नाही. कपॅसिटर मात्र बायपोलर, म्हणजे प्लस-मायनस नसलेला हवा, आणि ट्वीटर बसवताना पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबावर एअरबॅगची खूण नाही ना हे आधी पाहावे. ज्या गाडीत बाजूच्या एअरबॅग आहेत तिथे पिवळ्या आवरणाच्या तारांना आणि कपलरना हात लावू नये. कामाला हात घालण्यापूर्वी बॅटरीचा मायनस काढून काही मिनिटे थांबावे. काही गाड्यांत धडक ओळखणारा सेन्सर पुढच्या दारातच असतो, त्यामुळे दारात नवी भोके पाडण्यापूर्वी माहितीपुस्तिका चाळणे शहाणपणाचे.

दार उघडून आत पाहिले की गोव्यात राहणाऱ्याला वेगळीच काळजी सुरू होते. खिडकीच्या काचेवरचे पावसाचे पाणी रबराच्या पट्टीतून दाराच्या आत उतरते, पत्र्याच्या आतून खाली वाहते आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडते. हे दोष म्हणून नव्हे, तर रचनेचा भाग म्हणून होते. ते पाणी ट्रिमच्या बाजूला येऊ नये यासाठी कारखान्यात प्लास्टिकचा एक पडदा काळ्या चिकट गोंदाने लावलेला असतो. घाईत काम करणारा हा पडदा टराटरा फाडतो, स्पीकर बसवतो, ट्रिम दाबतो आणि निघून जातो. जून ते सप्टेंबरपर्यंत तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या प्रदेशात याचा परिणाम पायाखालच्या ओल्या मॅटमध्ये आणि बुरशीच्या वासात दिसतो. पडदा एका कडेने हळूहळू सोलावा, गोंद तसाच राहू द्यावा, आणि काम झाल्यावर अंगठ्याने दाबत पुन्हा चिकटवावा. स्पीकरसाठी पडद्याला भोक पाडावेच लागले तर स्पीकरच्या मागे, वरच्या बाजूने, वळचणीसारखी प्लास्टिकची पट्टी लावावी, म्हणजे ओघळ चुंबकावर पडणार नाही. आवाज चांगला व्हावा म्हणून दारात फोम किंवा पत्र्याची थरथर दाबणारी डँपिंग शीट चिकटवणारे पुष्कळ असतात. तळाची भोके त्याखाली बुजली तर दार आतून गंजू लागते.

दारात बसवायचा स्पीकर कागदी कोनाचा असण्यापेक्षा पॉलिप्रॉपिलीनच्या कोनाचा असावा. कागदी कोन कानाला गोड लागतो हे मला मान्य आहे, पण तो पार्सल ट्रेवर, म्हणजे मागच्या सीटमागे डिकीवर असलेल्या फळीवर, शोभतो, ओल्या दारात नव्हे. पार्सल ट्रेवरचा ओव्हल स्पीकर खालच्या पट्टीला दमदार वाटतो, त्याचे कारणही समजण्याजोगे आहे. कोनाच्या पुढून निघणारी लहर आणि मागून निघणारी लहर उलट असतात. त्या एकमेकींना भेटल्या की खालचा आवाज मरतो. ट्रे जाड आणि घट्ट असेल तर डिकी मागच्या लहरीला कोंडून ठेवते. दारातही हेच तत्त्व लागू असल्याने स्पीकर आणि पत्रा यांच्यामध्ये फोमची वळी घालून फट बुजवावी. या स्वस्त वळीने पडणारा फरक महागड्या तारेने पडत नाही.

खाऱ्या हवेचा विचार जोडांमध्ये करावा लागतो. पणजी, वास्को किंवा कळंगुटसारख्या किनाऱ्यालगतच्या भागांत पिळून टेप मारलेला जोड दोन पावसाळ्यांत हिरवा पडतो आणि खरखर सुरू होते. थिंबल, म्हणजे तारेच्या टोकावर बसणारी धातूची नळी, दाबून त्यावर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह चढवावी. तार विकत घेताना तिचे टोक चाकूने खरवडून पाहावे: वर तांबूस आणि आत चंदेरी दिसले तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आहे. अशी तार स्वस्त असते, अडथळा जास्त देते आणि ओलसर खाऱ्या हवेत लवकर कुजते. दारापर्यंत तार नेताना ती दार आणि खांब यांच्यामधील रबरी नळीतूनच न्यावी. बाहेरून नेलेली तार दार उघडझाप करताना कधीतरी चिरडते आणि डेकला शॉर्ट देते.

चार चॅनेल भरल्यावरही आवाज अपुरा वाटला, तर पाचवा-सहावा स्पीकर जोडू नये. त्या क्षणी गरज ॲम्प्लिफायरची असते. दर चॅनेलला ५० वॅट आरएमएस देणारा चार चॅनेलचा ॲम्प जोरात वाजताना बॅटरीतून २० ते २५ अँपिअर ओढू शकतो, म्हणून त्याची प्लस तार थेट बॅटरीवरून आणावी लागते: ८ ते १० चौरस मिलिमीटरची, शुद्ध तांब्याची, आणि बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज बसवलेली. हा फ्यूज ॲम्पसाठी नसून तारेसाठी असतो. इंजिनच्या भिंतीतून जाताना तारेचे आवरण घासले गेले आणि मध्ये फ्यूज नसला, तर बॅटरी आपली सगळी ताकद त्या एका बिंदूत ओतते आणि गाडी पेट घेते. भिंतीच्या भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाची कड झाकणारे कडे, घालावेच. ॲम्पची अर्थ तार आखूड ठेवून, रंग खरवडलेल्या स्वच्छ पत्र्यावर आवळावी आणि आवळल्यावर त्यावर गंजरोधक रंग मारावा. इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी शिटी ऐकू आली तर पहिला संशय याच जोडावर घ्यावा. ही जबाबदारी पेलवत नसेल तर एवढे एक काम जाणत्या माणसाकडून करून घेण्यात कमीपणा नाही.

इंजिन बंद ठेवून किनाऱ्यावर गाणी ऐकणाऱ्यांनी बॅटरीचे गणितही लक्षात ठेवावे. लहान गाडीची बॅटरी बहुधा ३५ अँपिअर-तासांची असते. ॲम्पने सरासरी ८ अँपिअर ओढले, तर दोनेक तासांत ती अर्धी रिकामी होते आणि स्टार्टर कुरकुरतो. कायद्याचीही एक रेघ आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रात्र दहा ते सहा धरली जाते, आणि इस्पितळे, शाळा व न्यायालये यांच्याभोवती किमान १०० मीटरचा पट्टा शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतो. काचा वर असताना गाडीत गोड वाटणारा आवाज चवथीच्या गर्दीत काचा खाली असताना शेजाऱ्याच्या ओसरीवर कसा पोहोचतो, हे एकदा स्वतः बाहेर उभे राहून ऐकावे.

सगळे जोडून झाल्यावर ट्रिम लगेच दाबू नये. डेकच्या फेडरने (पुढे-मागे) आणि बॅलन्सने (डावे-उजवे) आवाज सरकवत एकेक स्पीकर वेगळा वाजवून पाहावा, म्हणजे डावा-उजवा किंवा पुढचा-मागचा अदलाबदल झाला असेल तर तो तेव्हाच सापडतो. नंतर फेडर थोडा पुढच्या बाजूला ठेवावा. गायक पाठीमागून गातो आहे असे वाटले की लांबच्या प्रवासात कान थकतात. आवाज मध्यम ठेवून अर्धा तास वाजवावा आणि डेकच्या आसपास हात लावून पाहावा: कोमट असणे ठीक, चटका बसणे ठीक नाही. मग ट्रिमच्या क्लिपा बसवाव्यात, पाण्याच्या नळीने काचेवर पाच मिनिटे धार सोडावी, आणि दाराच्या तळाच्या भोकांतून पाणी बाहेर येते की मॅटखाली जाते, हे खाली वाकून पाहावे.